कथामालेचा चौथा भाग आणि वाचकांची तक्रार

एखादी स्वतंत्र कादंबरी वाचून संपली, कीं ती आवडली किंवा न आवडली एवढाच प्रश्न उरतो. कथामालेची गोष्ट तशी नाहीं. जिचे भाग वर्षांच्या अंतरानें प्रसिद्ध होतात, अशा कथेंतील माणसांशीं वाचकाचें नातें जडतें. पुस्तक मिटल्यावरहि तीं माणसें त्याच्या मनांत वावरत राहतात, आणि पुढें त्यांचें काय झालें असेल याची कथा तो आपल्यापुरती रचीत बसतो. मग लेखकाचा नवा भाग हातीं येतो तेव्हां त्याची तुलना मागील भागांशीं होतेच. परंतु वाचकानें मनांत रचून ठेवलेल्या त्या अलिखित भागाशींहि होते. उत्तरभागांविषयीं वाचकांचीं मतें इतकीं तीव्र कां असतात, याचें एक कारण येथें सांपडतें.

या विषयाचा विचार एका उदाहरणाच्या आधारें करणें सोयीचें होईल. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांच्या ‘अर्थसी’ नांवाच्या अद्भुतरम्य कथामालेंतील चौथी कादंबरी ‘तेहानू’ ही १९९० सालीं प्रसिद्ध झाली. जुन्या चाहत्यांत तिनें जी दुफळी पाडली, ती अभ्यास करण्यासारखी आहे.

प्रथम थोडी पूर्वकथा. अर्थसी म्हणजे असंख्य लहानमोठ्या बेटांचें एक काल्पनिक जग. तेथील मंत्रविद्या नांवांवर उभी आहे. प्रत्येक वस्तूला आदिभाषेंत एक खरें नांव असतें. तें ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. ही विद्या शिकविणारें गुरुकुल रोक नांवाच्या बेटावर आहे. १९६८ सालच्या पहिल्या भागांत गाँट बेटावरील एका कांसाराचा, शेळ्या राखणारा मुलगा गेड तेथें शिकावयास जातो, गर्वाच्या भरांत एक भयंकर छाया जगांत मोकळी सोडतो, आणि अखेर तिला स्वतःच्याच नांवानें हांक मारून तिच्यापासून सुटतो. १९७१ सालच्या दुसऱ्या भागाची नायिका टेनार. तिला अगदीं लहानपणीं आईबापांपासून तोडून, तिचें नांवहि हिरावून घेऊन, एका अंधाऱ्या देवस्थानाची पुजारीण केलेलें असतें. गेडच्या साहाय्यानें ती आपलें नांव व स्वातंत्र्य परत मिळविते. १९७२ सालच्या तिसऱ्या भागांत गेड हा सर्व मांत्रिकांचा प्रमुख झालेला आहे. जगांतील विद्या आणि जीवनाचा रस एका विवरांतून गळून चालला आहे; तें विवर बुजविण्यासाठीं तो एका तरुण राजपुत्रासह मृतांच्या प्रदेशांत उतरतो व त्या कामीं आपली सारी शक्ति खर्चून परततो. या भागास १९७३ सालीं अमेरिकेंतील ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ हें पारितोषिक बालवाङ्मयाच्या विभागांत मिळालें. ही त्रयी येथें पूर्ण झाली, असें वाचकांनीं धरलें. आणि पुढें अठरा वर्षें तसेंच मानलें गेलें.

नंतर ‘तेहानू’ आली. तींत टेनार ही गाँटवरील एका शेतकऱ्याची विधवा आहे. तिचीं मुलें मोठीं होऊन आपापल्या मार्गाला लागलीं आहेत. आपल्याच माणसांनीं अत्याचार करून विस्तवांत लोटलेली एक लहान मुलगी तिनें पदराखालीं घेतली आहे. त्या मुलीचा अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेलेला आहे. अशा घरीं गेड येतो तो ड्रॅगनच्या पाठीवरून खरा, पण आजारी, शक्तिहीन आणि लज्जित होऊन. राजाचे दूत त्याला राज्याभिषेकाला नेण्यासाठीं येतात, तेव्हां तो डोंगरांत पळून जातो व पुन्हां शेळ्या राखूं लागतो. पुढें तो व टेनार एकत्र संसार मांडतात. कथेचा बराचसा भाग भांडीं घासणें, सूत कांतणें, दूध काढणें आणि रात्रीं दचकून उठणाऱ्या मुलीला जवळ घेणें यांत जातो.

पुष्कळ जुन्या वाचकांना हा भाग रुचला नाहीं. त्यांच्या तक्रारी साधारणपणें चार प्रकारच्या होत्या. पहिली अशी, कीं येथें साहस नाहीं, समुद्रप्रवास नाहीं, विद्येचे चमत्कार नाहींत. दुसरी, कीं लेखिकेनें गेडला नको इतकें लहान केलें. ज्यानें मृत्यूच्या सीमेवर जाऊन जग वांचविलें, तो येथें दूतांना पाहून लपतो. तिसरी, कीं स्त्रियांच्या हक्कांचा नवा विचार जुन्या जगावर बाहेरून लादला आहे. चौथी, कीं पहिले तीन भाग मुलांच्या हातीं देण्यासारखे होते, तर या भागांतील क्रौर्य मुलांसाठीं नाहीं. उलट दुसऱ्या पक्षाचे वाचक हाच भाग सर्वांत श्रेष्ठ मानीत. १९९० सालच्या उत्कृष्ट कादंबरीचें ‘नेब्युला’ हें लेखकांच्या संघटनेचें पारितोषिक या पुस्तकाला मिळालें. इतकेंच नव्हे, तर ‘लोकस’ मासिकाच्या वाचकांनीं मतें देऊन दिलेलें पारितोषिकहि त्यालाच मिळालें. तेव्हां वाचक एका बाजूला आणि जाणकार दुसऱ्या बाजूला, असा हा वाद नव्हता. वाचकांचेच दोन तट पडले होते.

या मतांचा निवाडा करावयाचा, तर दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. ‘ही आम्हांला हवी असलेली कथा नाहीं’ असें म्हणणें हा एक प्रश्न, आणि ‘ही कथा मागील कथेशीं बेइमान आहे’ असें म्हणणें हा दुसरा. पहिला रुचीचा आहे. त्यावर वाद घालून उपयोग नाहीं. दुसऱ्याला मात्र पुरावा लागतो, आणि तो मागील तीन भागांतच शोधावा लागतो.

पुरावा काय सांगतो? गेडची शक्ति चौथ्या भागांत गेली नाहीं, ती तिसऱ्याच्या शेवटींच गेली आहे. तिसऱ्या भागाच्या अखेरीस लेखिकेनें गेडच्या शेवटाच्या दोन कथा शेजारीं शेजारीं ठेवल्या आहेत. एकींत तो राज्याभिषेकाला येऊन मग आपल्या नावेंतून एकटा समुद्रावर निघून जातो. दुसरी गाँटच्या लोकांची. तींत राजाच त्याला शोधीत येतो, पण तो पायीं डोंगरावरच्या अरण्यांत गेल्याचें कळतें. बहुतेक वाचकांनीं पहिली कथा मनांत जपून ठेवली, कारण ती अधिक भव्य होती. लेखिकेनें अठरा वर्षांनीं दुसरीचा धागा उचलला. स्त्रियांचेंहि तेंच. रोकच्या गुरुकुलांत फक्त मुलगेच घेतले जातात, आणि बायकांची विद्या कमकुवत व दुष्ट असते अशा अर्थाची गाँटवरील समजूत, हीं दोन्ही पहिल्या भागांतच आलेलीं आहेत. टेनारचा तर तिसऱ्या भागांत केवळ ओझरता उल्लेख आहे. ज्या मुलीला नायकानें अंधारांतून बाहेर काढलें, तिनें पुढें आयुष्य कसें काढलें, हें फारसें कोणीं विचारलें नव्हतें. प्रश्न जुनाच होता. विचारला मात्र उशिरां गेला.

आपल्याकडील वाचकाला ही अडचण नवी वाटूं नये. महाभारतांतील अठरा दिवसांचें युद्ध दहाव्या पर्वापर्यंत संपतें, पण ग्रंथ अठरा पर्वांचा आहे. विजयानंतर लगेच येतें तें स्त्रीपर्व; तेथें रणांगण दिसतें तें पति व पुत्र गमावलेल्या स्त्रियांच्या डोळ्यांनीं. आणि मौसलपर्वांत तोच अर्जुन, तेंच गांडीव घेऊन, द्वारकेच्या स्त्रियांना आभीरांपासून वांचवूं शकत नाहीं. हीं पर्वें उत्साहानें वाचणारे थोडे. तथापि तीं काढून टाकलीं तर महाभारत ही केवळ एका जयाची गोष्ट उरेल, हेंहि आपण जाणतों. वीराची शक्ति ओसरल्यावर काय उरतें, हा प्रश्न वीरकथेच्या पोटांतच असतो.

याचा अर्थ सर्व तक्रारी निराधार आहेत असा नव्हे. ‘तेहानू’मधील दुष्ट मांत्रिक फारच एकरंगी आहे; पहिल्या भागांतील छायेला जी खोली होती ती त्याला नाहीं. पुरुष व स्त्रिया यांच्या सामर्थ्यांतील भेदाविषयींचीं संभाषणें कांहीं ठिकाणीं पात्रांच्या तोंडीं सहज न येतां लेखिकेच्या विचारांतून उतरल्यासारखीं वाटतात. शेवटहि घाईचा आहे. संकट टोंकाला पोहोंचतें आणि मुलीच्या हांकेसरशीं ड्रॅगन येऊन तें दूर करतो. मुलांविषयींचा आक्षेप तर सरळच मान्य करावा लागतो. पहिले तीन भाग बारा-तेरा वर्षांच्या मुलांना खुशाल द्यावे. चौथा त्यांनीं मोठेपणीं वाचावा. हे दोष कलेचे किंवा औचित्याचे आहेत. विश्वासघाताचा आरोप मात्र त्यांवरून सिद्ध होत नाहीं.

मग ज्यांना हें पुस्तक मनापासून आवडलें, त्यांनीं त्यांत काय पाहिलें? त्यांनीं गेडच्या लज्जेचा अर्थ ओळखला. तो भित्रा झालेला नाहीं. ज्या एका गोष्टीनें जगाला त्याची ओळख होती, ती गेल्यावर लोकांना तोंड कसें दाखवावें हें त्याला कळत नाहीं. मोठ्या अधिकारावरून निवृत्त होऊन घरीं बसलेला गृहस्थ ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाहीं. टेनारला असा अधिकार कधींच नव्हता. म्हणून त्याच्यावांचून कसें जगावें हें तिला ठाऊक आहे, आणि गेड तें तिच्याकडून शिकतो. त्या जळलेल्या मुलीकडे पाहून गांवकरी तोंड फिरवितात. तिला रोज न्हाऊं घालणें व तिच्याशीं धीरानें बोलणें यांतलें धैर्य मृतांच्या प्रदेशांत उतरण्याच्या धैर्याहून उणें नाहीं, असें हें पुस्तक म्हणतें. तें ज्याला पटलें त्याला साहसाची उणीव भासली नाहीं.

स्वतः लेखिकेनें या वादाकडे पाठ फिरविली नाहीं. १९९२ सालीं ऑक्सफर्ड येथें दिलेल्या आणि पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बाईंनीं सांगितलें, कीं वीरकथेची परंपरा पुरुषांच्या दृष्टीनें घडलेली आहे व पहिले तीन भाग आपण त्या परंपरेच्या आंत राहूनच लिहिले होते. ‘तेहानू’च्या मुखपृष्ठावर अर्थसीचें हें शेवटचें पुस्तक अशा अर्थाचे शब्द होते, तेहि पुढें टिकले नाहींत. २००१ सालीं एक कथासंग्रह आणि एक कादंबरी असे आणखी दोन भाग आले. कथासंग्रहांत असें दिसून येतें, कीं रोकच्या त्या गुरुकुलाच्या संस्थापकांत स्त्रियाहि होत्या आणि त्यांना मागाहून वगळण्यात आलें. यामुळें ‘तेहानू’ पुन्हां वेगळी दिसूं लागली: जी अखेर वाटत होती, ती मालेच्या मध्यावरचें वळण ठरली.

२०१८ सालीं सारी माला एका सचित्र ग्रंथांत प्रसिद्ध झाली. जो वाचक ती अशी सलग वाचतो, त्याला तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षें थांबावें लागत नाहीं. आपला असा अलिखित भाग रचण्याची सवडच त्याला मिळत नाहीं. त्याला चौथा भाग तिसऱ्याचें स्वाभाविक फळ वाटला तर नवल नाहीं. पण म्हणून १९९० सालच्या वाचकांस अरसिक म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं गेडला नावेंत बसवून समुद्रावर पाठविलें होतें, आणि तो परसांत शेळ्या बांधतांना पाहून त्यांना खरोखरच कांहीं हरवल्याचें दुःख झालें. तें दुःख त्या माणसावरील प्रेमांतूनच आलें होतें.

म्हणून आवडत्या कथामालेचा नवा भाग निराश करूं लागला, तर निकाल देण्यापूर्वीं मागील भाग एकदां पुन्हां उघडावा. आपल्याला जें वचन दिलें होतें असें वाटतें, तें खरोखर तेथें लिहिलेलें आहे कीं आपण तें मागाहून लिहिलें, हें पाहावें. तेथें लिहिलेलें असेल, तर लेखकाला खुशाल जाब विचारावा. नसेल, तर नवें पुस्तक आणखी एक वेळ, या खेपेस परक्या माणसाचें म्हणून, वाचण्यास हरकत नाहीं.