नीट घसरणारा क्लच

दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनाचं फिरणं जिथून गिअरबॉक्सकडे जातं, तिथे पकड धरणारा एकही बोल्ट नसतो, दाता नसतो, साखळी नसते. इंजिनाला घट्ट बसवलेलं फ्लायव्हील, त्याला टेकलेली एक पातळ क्लच प्लेट आणि तिला मागून दाबणारी प्रेशर प्लेट, एवढाच सगळा कारभार. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना लाइनिंग असतं, जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं. त्यातही रिव्हेटची डोकी उघडी पडेपर्यंत झिजायला मुभा असते ती एक-दीड मिलिमीटरची. माणसांसकट दीड टनाची गाडी खंडाळ्याचा घाट चढते ती या थराच्या घर्षणावर. आणि नीट वापरला तर हा थर लाखभर किलोमीटर टिकतो, हे मला आजही खरं वाटत नाही.

उदाहरणाला एक खरी गाडी घेऊ. २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली आणि २००४ च्या सुमारास तिची आरएस ही तिखट आवृत्ती आपल्या रस्त्यांवर आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २० व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर. आज ती सेकंडहँड मिळते तेव्हा घेणारा बहुधा हप्ते फेडणारा नोकरदार असतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीची कोंडी, रविवारी पहाटे ताम्हिणी. एखाद्या चढावर चौथ्या गिअरमध्ये तो अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो, टर्बो भरतो, आरपीएमचा काटा दोन हजारांवरून तीन हजारांवर उडी घेतो आणि गाडीचा वेग मात्र होता तिथेच. क्लच घसरला. मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. मग प्रश्न उरतो, टाकायचा कुठला?

अशा वेळी मन सरळ सगळ्यात ताकदवान क्लचकडे धावतं. घसरला ना, मग न घसरणारा आणू. पण कधीच न घसरणारा क्लच हवा असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेल्डिंग करून टाकले तरी चालतील. क्लच असतोच मुळी घसरण्यासाठी. गाडी उभ्यावरून उचलताना सेकंदभर त्याने हळुवार, धक्का न देता, स्वतःला न जाळता घसरायचं आणि त्यानंतर अजिबात घसरायचं नाही. पकड वाढवणं सोपं आहे. हे घसरणं सांभाळणं अवघड, आणि रोजच्या गाडीत पैसे मोजायचे ते त्यासाठी.

आधी पकडीचा हिशेब पाहू, कारण तो आश्चर्य वाटावं इतका सोपा आहे. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घर्षण करणाऱ्या बाजू किती, घर्षणाचा गुणांक किती, दाब किती आणि तो दाब केंद्रापासून सरासरी किती अंतरावर पडतो. या गाडीच्या प्लेटचा व्यास २२८ मिलिमीटर. लाइनिंगची सरासरी त्रिज्या साधारण ९५ मिलिमीटर धरू. बाजू दोन. साध्या ऑरगॅनिक लाइनिंगचा गुणांक ०.३ च्या आसपास. आता तीनशे न्यूटन-मीटर पेलायचे तर दाब लागतो सुमारे ५,२०० न्यूटन, म्हणजे ५३० किलोंचा भार. अर्धा टन! तुम्ही सिग्नलला डावा पाय दाबता तेव्हा हा अर्ध्या टनाचा भार प्लेटवरून उचलून धरता, आणि पायाला मात्र दहा-बारा किलोच जाणवतात. बाकीचं काम पेडलची तरफ, हायड्रॉलिक सिलिंडर आणि प्रेशर प्लेटची बोटं आपसात वाटून घेतात.

या गुणाकारात क्षेत्रफळ कुठेच नाही, हे लक्षात आलं का? घर्षण हे टेकलेल्या पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून नसतं, हे फ्रान्सच्या गिओम आमोंताँने १६९९ साली मांडलं. म्हणूनच रेसिंगच्या क्लचवर चार-सहा छोट्या गोट्याच दिसतात आणि तरी तो राक्षसासारखा पकडतो. मग आपल्या प्लेटला पूर्ण गोल लाइनिंग कशाला? उष्णतेसाठी. क्षेत्रफळ मोठं असलं की तीच उष्णता जास्त जागेत विभागली जाते आणि झीज कमी होते.

आता उष्णतेचा हिशेब, जो पहिल्यांदा समजला तेव्हा मी कागदावर दोनदा करून पाहिला होता. सपाट रस्त्यावर इंजिन एका ठरावीक वेगात फिरतं ठेवून गाडी उभ्यावरून उचला. टॉर्क क्लचच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, पण इंजिनाची बाजू पूर्ण वेगाने फिरत असते आणि चाकांची बाजू शून्यापासून त्या वेगापर्यंत चढते, म्हणजे सरासरी अर्ध्या वेगाने. त्यामुळे इंजिनाने दिलेली अर्धी ऊर्जा गाडीला मिळते आणि उरलेली बरोबर अर्धी क्लचमध्ये उष्णता होते. क्लच स्वस्त असो, महाग असो, यात सुटका नाही. दीड हजार आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये ही गाडी ताशी साधारण साडेतेरा किलोमीटरने जाते. तिथवर पोचेपर्यंत सुमारे दहा किलोज्यूल उष्णता क्लचमध्ये तयार होते. तीनदा गाडी उचलली की एक कटिंग चहा उकळेल एवढी! चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारे तर चहाची टपरीच चालवत असतात.

ही सगळी उष्णता आधी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या लोखंडात मुरते आणि मग हळूहळू हवेत जाते. लाइनिंग फार तापलं की गुणांक घसरतो. तो ०.३ वरून ०.२५ वर आला तर आपले तीनशे न्यूटन-मीटर अडीचशेच उरतात. कंपनीच्या २१० ला तेही पुरतात. पण आधीच्या मालकाने इंजिनाचं रीमॅपिंग केलेलं असेल, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली असेल, तर टॉर्क पावणेतीनशे-तीनशेच्या घरात गेलेला असतो. मग तापलं की घसरतं, घसरलं की आणखी तापतं, आणि एका रविवारी घाटातच जळका वास येतो. थोडक्यात, दुकानात जाण्याआधी रीमॅप झालं आहे की नाही हे माहीत असायलाच हवं.

प्रेशर प्लेटला दाब देणारी स्प्रिंगही पाहण्यासारखी वस्तू आहे. घुमटासारखी किंचित फुगीर, मध्ये बोटं कापलेली एकच पोलादी चकती. फुगीर चकतीची स्प्रिंग करण्याची कल्पना ज्युलियाँ बेलव्हिल या फ्रेंच माणसाने १८६७ मध्ये पेटंट केली, मोटारगाडीच्याही आधी. साध्या स्प्रिंगला जेवढं दाबाल तेवढी ती जास्त उलटून दाबते. ही तसं करत नाही. दाबत नेली की तिचा जोर वाढतो, शिखराला पोचतो आणि पुढे चक्क कमी होतो. त्यामुळे पेडल खाली गेल्यावर हलकं होतं. त्याहून गमतीची गोष्ट अशी की लाइनिंग झिजतं तशी स्प्रिंग थोडी मोकळी होते आणि शिखराकडे सरकते, म्हणून अर्ध्या वयाच्या क्लचचा दाब नव्याहून जास्त असू शकतो. पेडल जड होत जातं, पकड उत्तम राहते, आणि शिखर ओलांडलं की थोड्या दिवसांत सगळं ढासळतं. ‘परवापर्यंत तर काही त्रास नव्हता’ असं गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण म्हणतो. तो खोटं बोलत नसतो.

प्लेटच्या आतही कारागिरी लपलेली आहे. दोन लाइनिंगांच्या मध्ये नागमोडी पोलादी पाती असतात. दाब आला की ती हळूहळू सपाट होतात, आणि गाडी हळुवार उचलली जाते ती या मिलिमीटरभर उशीमुळे. मधल्या हबभोवतीच्या स्प्रिंगा इंजिनाचे फिरते झटके गिळतात. आणि लाइनिंग म्हणजे काचेचे तंतू, रेझीन, रबर, तांब्या-पितळेची तार यांचं मिश्रण. या धंद्याची मुळं इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये सापडतात. तिथल्या हर्बर्ट फ्रूडने १८९७ साली घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तर बनवायला सुरुवात केली, आणि त्याच्याच आडनावाच्या अक्षरांत एक ‘ई’ मिसळून, ती उलटसुलट करून फेरोडो या नावाची कंपनी उभी राहिली.

बाजारात स्टेज वन, स्टेज टू, स्टेज थ्री अशी नावं कानावर येतात. त्यांना कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा टू दुसरीचा वन असू शकतो. विचारायचं ते एवढंच: किती न्यूटन-मीटर पेलतो, लाइनिंग कशाचं, हबला स्प्रिंगा आहेत का. सिरॅमिक गोट्यांच्या प्लेटचा गुणांक ०.४ च्या वर जातो आणि ती उष्णतेला दाद देत नाही, पण ती मधलं काही जाणतच नाही. चिकटली नाहीतर सुटली. ट्रॅकवर ती शोभते. वाकड पुलावर पाच-पाच फूट पुढे सरकताना ती गाडीला आणि शेजारी बसलेल्या बायकोला सारखीच हिसके देते. केव्हलारची प्लेट गुळगुळीत पकडते, पण तिला रुळायला वेळ लागतो आणि एकदा जास्त तापून चकाकली की पूर्वीसारखी होत नाही. जुन्या प्लेटला नवं लाइनिंग मारून देणारे कारागीरही आहेत. ते ट्रकच्या जगात ठीक आहे. सहा-सात हजार आरपीएम फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनात मी ते बसवणार नाही.

कडक प्रेशर प्लेट हा दुसरा मार्ग. दाब पंचवीस टक्के वाढवला की तीनशेचे पावणेचारशे होतात, आणि पायावरचे बारा किलो पंधरा. एकदा दाबून पाहिलं तर काहीच वाटत नाही. संध्याकाळच्या कोंडीत दोनशे वेळा दाबला की गुडघा सांगतो. हा वाढीव भार रिलीज बेअरिंग, क्लचचा सिलिंडर आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवरही पडतो, आणि त्यांचं आयुष्य कुणी जाहिरातीत छापत नाही.

खिशाला खरा चटका लावतं ते ड्युअल-मास फ्लायव्हील. एका फ्लायव्हीलचे दोन भाग, मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या कमानदार स्प्रिंगा. इंजिनाची थरथर गिअरबॉक्सपर्यंत पोचू नये म्हणून. १९८५ च्या सुमारास ही जोडी मोटारींत आली, आणि नवी घ्यायची तर बहुतेक वेळा क्लच सेटहून महाग पडते. स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन कुटुंबातल्या १.८ टर्बोवाल्यांनी यावर जगभर एक तोडगा रूढ केला आहे: जुन्या कोराडो जी६० चं एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर६ इंजिनाचा क्लच. दोन्हींचा व्यास तोच, २२८. पकड वाढते आणि पुढच्या वेळी फ्लायव्हील बदलण्याऐवजी लेथवर फेस मारून घेता येतं. बदल्यात न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाट ऐकू येतो. काहींना तो आवडतो, सोसायटीच्या वॉचमनला नाही.

माझा कौल असा. इंजिन मूळ अवस्थेत असेल आणि फ्लायव्हील हाताने हलवून ढिलं लागत नसेल, तर लुक किंवा सॅक्सचा कंपनी-दर्जाचा साधा सेट, त्यावर एक पैसा नको. रीमॅप असेल तर ऑरगॅनिक लाइनिंग आणि जरा कडक प्रेशर प्लेट, आणि फ्लायव्हील गेलंच असेल तर वरची कोराडो-व्हीआर६ची जोडी. वाचलेले पैसे रिलीज बेअरिंग, तिची गाइड स्लीव्ह आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलवर घाला. हे सुटे भाग तुलनेने किरकोळ, पण त्यांच्यापर्यंत पोचायची मजुरी पूर्ण गिअरबॉक्स उतरवण्याची.

गिअरबॉक्स खाली आला की जुनी प्लेट मागून घ्या आणि बघा. कडेला सगळीकडे सारखी झिजली असेल तर तिचं वय झालं होतं. फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील तर हाफ क्लचची सवय आहे, आणि ती ड्रायव्हिंग सीटवर बसलेली आहे. लाइनिंगच्या आतल्या कडेला तेलाचा ओलावा असेल तर सील गळतंय, आणि ते तसंच ठेवून बसवलेला कुठलाही क्लच पुन्हा घसरेल. नवा बसल्यावर पहिले सात-आठशे किलोमीटर शहरातच चालवा, टर्बो पूर्ण भरू न देता, म्हणजे नवं लाइनिंग लोखंडाच्या पृष्ठभागाशी जुळून घासतं. ताम्हिणी त्यानंतरच्या रविवारी.