नॉर्मल : एका गुण्याची गोष्ट

इंग्रजी शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या तोंडीही काही इंग्रजी शब्द आज अगदी घरचे होऊन बसले आहेत. त्यांपैकीच एक म्हणजे ‘नॉर्मल’. पोराचा ताप उतरला, ‘आता नॉर्मल आहे’. सून सुखरूप बाळंत झाली, ‘नॉर्मल झाली हो!’ खंडाळ्याच्या घाटातली कोंडी सुटली, ‘वाहतूक नॉर्मल’. हा पाहुणा आला कुठून आणि त्याच्या गाठोड्यात आहे तरी काय, ते आज पाहू.

लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. चौकटीचा कोपरा काटकोनात बसला की नाही, हे ज्याने पाहतात ते हत्यार. गुण्याला जे जुळले, ते ‘नॉर्मालिस’. म्हणजे मुळात या शब्दाचा अर्थ ‘नेहमीचे’ असा नव्हताच. ‘काटकोनात असलेले’ असा होता. तो जुना अर्थ विज्ञानात अजून जिवंत आहे. आरशावर प्रकाशाचा किरण जिथे पडतो, तिथे आरशाशी काटकोन करणारी रेषा काढतात. तिला इंग्रजीत ‘नॉर्मल’च म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला ‘स्तंभिका’ असे सुरेख नाव आहे. आणि गुण्याच्या पार बाहेर गेले ते ‘एनॉर्मस’, म्हणजे अवाढव्य. ही त्याच घरातली भावंडे.

पुढे गुण्याचा अर्थ पसरला. नियम, नमुना असा झाला. फ्रान्समध्ये 1794 साली शिक्षक तयार करण्यासाठी ‘एकोल नॉर्माल’ निघाली. आपल्याकडेही शिक्षकांच्या प्रशिक्षणशाळेला पूर्वी ‘नॉर्मल स्कूल’ म्हणत. तिथे ‘नॉर्मल’ म्हणजे सर्वसाधारण नव्हे. शिकवावे कसे, याचा नमुना घालून देणारी ती शाळा. ‘नेहमीचे’, ‘बहुतेकांसारखे’ हा अर्थ इंग्रजीत रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात.

आता घोटाळा इथेच आहे. ‘जसे असावे’ आणि ‘जसे बहुधा असते’ या दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात येऊन बसल्या.

पावसाचेच पाहा. हवामान खात्याच्या भाषेत जिल्ह्याचा पाऊस दीर्घ काळाच्या सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त असला, तरी तो ‘नॉर्मल’. हिशेब म्हणून हे योग्यच आहे. पण लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पुणे शहरात त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नाही. एका ठिकाणचा नॉर्मल दुसरीकडे महापूर ठरेल! शिवाय सरासरीला दिवस कळत नाहीत. भाताची रोपे लावणीला आली आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली, पुढे सगळा एकदम कोसळला, तर बेरीज नॉर्मल भरेल. खाचरातले पीक मात्र भरणार नाही. तेव्हा ‘पाऊस नॉर्मल’ असे ऐकले की दोन प्रश्न विचारावेत : कुठला? आणि कधीचा?

तिसरी गोष्ट दगडात कोरलेली आहे. मळवली स्टेशनच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याच्या खांबांना मनातल्या मनात गुण्या लावा. जुळणार नाही! खांब किंचित आत कललेले आहेत. कारागीर चुकला का? मुळीच नाही. त्या काळी लाकडी मंडपांत छताचा रेटा पेलावा म्हणून खांब असे तिरपे उभारत. दगडात त्या कलाची गरज नव्हती, तरी खोदणाऱ्यांनी ओळखीचा नमुना जसाच्या तसा उतरवला. कार्ल्याचे चैत्यगृह नंतरचे. तिथले खांब मात्र सरळ उभे आहेत. दोन्ही लेणी आपापल्या जागी बिनचूक. कलते का उभारले, हे न विचारता नुसता गुण्या लावला असता, तर भाज्याच्या कारागिराला आपण नापास केले असते.

आणि नेमके हेच आपण मुलांच्या बाबतीत करतो. एखादा मुलगा उशिरा वाचायला लागतो, एखादी मुलगी डाव्या हाताने लिहिते, कोणी चार माणसांत बोलतच नाही. लगेच कोणीतरी म्हणते, “गुरुजी, हे पोर नॉर्मल नाही.” बहुतेकांसारखे नाही, एवढेच आपल्याला दिसलेले असते, असावे तसे नाही, हा निवाडा मात्र आपण पदरचा जोडतो. मुलाला कमी ऐकू येते का, फळा दिसत नाही का, हे जरूर तपासावे; गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. पण शिक्का मारण्याची घाई नको. तो शिक्का पोर घरी घेऊन जाते आणि जन्मभर वागवते.

सुतारही गुण्या लावतो तो लाकूड फेकून देण्यासाठी नाही. कुठे काय करायला हवे, ते कळावे म्हणून. शब्द त्याच्याकडून घेतला आहे, तर ही रीतही त्याच्याकडूनच घ्यावी.