चामखीळ जाते; डाग मात्र राहतो

लग्नसराईच्या दिवसांत एक आई आपल्या वीस वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीने उजवा हात ओढणीखाली झाकला होता. ओढणी बाजूला केली तेव्हा मनगटाच्या वर रुपयाएवढी काळपट खोल जखम दिसली. मूळ तक्रार काय, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढी चामखीळ! पाहुणे बघायला येणार म्हणून आठ दिवस आधी आईने तिच्यावर चुना आणि पापडखार लावला होता. "शेजारच्या काकूंची यानेच गेली होती," असे त्या माउलीने सांगितले. काकूंची गेली हे खरे असेल. या मुलीचीही गेली, पण जाताना भोवतालची कातडी घेऊन गेली.

आपल्या भागात चामखिळीवर, म्हणजे ज्याला कोणी मस म्हणतात त्यावर, औषध सांगणारा माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो. त्यातले कोणते करावे आणि कोणते करू नये, हे आज पाहू.

चामखीळ म्हणजे काय?

चामखीळ हा कातडीच्या वरच्या थरात होणारा विषाणूचा संसर्ग आहे. इटलीतील डॉ. चुफो यांनी १९०७ साली चामखिळीचा अर्क जीवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि तो टोचून पाहिला, तरीही चामखीळ उगवली. तिचे कारण विषाणू आहे, हे त्यावरून कळले. हा विषाणू बारीकशा खरचटीतून आत शिरतो. नखे खाणे, चामखीळ खाजवणे, तिच्यावरून दाढीचे पाते फिरवणे, अनवाणी चालणे यांमुळे तो पसरतो.

चामखिळीला खोल मूळ असते, हा मोठा गैरसमज आहे. तिच्यात दिसणारे काळे ठिपके मुळे किंवा बी नसून रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या असतात. मूळच नाही, तर ते जाळण्यासाठी खोल जाण्याचे कारणही उरत नाही.

चुना आणि खार

पूर्वी आपल्या लोणारच्या सरोवराकाठी खार गोळा केला जात असे. पापडात चिमूटभर पडणारा खार निरुपद्रवी वाटतो, पानाला लावायचा चुनाही तसाच. परंतु ही दोन्ही ओली करून एकत्र कालवली की त्यांच्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो. साबणाच्या कारखान्यात हातमोजे घालून हाताळतात तोच हा पदार्थ. तो चामखीळ कुठे संपली आणि चांगली कातडी कुठे सुरू झाली हे ओळखत नाही. आग थांबल्यावरही तो आत झिरपत राहतो. असे काही लावलेले असेल तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरावी. उतारा म्हणून लिंबू पिळू नये.

बिब्ब्याची गोष्टही अशीच. त्याच्या तेलाने फोड येतात, कातडी सुजते आणि पुढे कायमचा काळा डाग राहतो. हे तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावून धुवावे. रुईचा किंवा शेराचा चीक हाताला लागून डोळ्यांत जातो. रुईच्या चिकाने सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण नजर अंधुक होते. लसूण ठेचून रात्रभर बांधल्यास कातडी भाजते. बॅटरीचे ॲसिड, पेटती उदबत्ती, ब्लेड यांबद्दल वेगळे सांगायला नकोच.

मानेवर आणि काखेत लोंबणाऱ्या मऊ गाठींनाही आपल्याकडे चामखीळच म्हणतात. घोड्याचा केस किंवा दोरा बांधतात तो मुख्यतः यांना. त्या विषाणूच्या नसतात आणि संसर्गजन्यही नसतात. दोरा बांधून जागा पिकण्याची भीती असते. दवाखान्यात त्या काही मिनिटांत निघतात. मात्र त्या खूप आल्या असतील आणि वजनही वाढलेले असेल, तर रक्तातील साखर अवश्य तपासावी.

मग काकूंची कशी गेली?

शरीराला विषाणूची ओळख पटली की ते स्वतःच चामखीळ घालवते. मुलांमधील सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. मोठ्या माणसांना अधिक काळ लागतो. त्या जाण्याच्या सुमारास जे काही केलेले असते त्याला श्रेय मिळते, मग ते एरंडेल असो, बटाट्याची फोड असो की देवाला वाहिलेले मीठ. ज्याने अपाय होत नाही ते करण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती जाळणाऱ्या उपायांना.

घरी करता येण्याजोगा उपाय

औषधाच्या दुकानात सुमारे १७ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचे पातळ औषध मिळते. हातापायांवरील चामखिळीसाठी ते पुढीलप्रमाणे वापरावे.

रात्री झोपण्यापूर्वी चामखीळ पाच ते दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी. वजरीने वरची मऊ झालेली कातडी हलकेच घासावी, रक्त काढू नये. ही वजरी घरात दुसऱ्या कोणी वापरू नये. जागा कोरडी करून भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावावे. नंतर काडीने एखादा थेंब फक्त चामखिळीवर ठेवून वाळू द्यावा. असे रोज, बारा आठवड्यांपर्यंत करावे. जागा लाल होऊन दुखू लागली तर चार दिवस थांबावे. बहुतेक रुग्ण पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात आणि औषध निकामी ठरवतात. येथे धीर हाच अर्धा उपचार आहे.

हे औषध चेहऱ्यावर, गुप्तांगाजवळ किंवा तिळावर लावू नये. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांच्या पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेही व्यक्तींनी पायाला काहीही लावू नये आणि काहीही कापू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे भाजले तरी कळत नाही. भोवरी समजून ब्लेडने तासलेला तळपाय पुढे चिघळून बोट गमवावे लागल्याची उदाहरणे डॉक्टरांनी पाहिलेली आहेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गाठ भरभर वाढत असेल, रंग बदलत असेल, तिच्यातून वारंवार रक्त येत असेल किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच उगवली असेल, तर ती चामखीळ आहे असे गृहीत धरू नये. क्वचित तो कातडीचा कर्करोग असू शकतो. गुप्तांगावरील चामखीळ लाजेपोटी लपवू नये, घरी तर मुळीच जाळू नये. तिथे पतिपत्नी दोघांची तपासणी लागते. चिवट चामखीळ द्रवरूप नायट्रोजनने गोठवून किंवा विजेच्या उपकरणाने काढता येते. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यासाठी जाता येईल.

त्या मुलीची जखम भरायला दीड महिना लागला आणि मनगटावर जाड व्रण राहिला. चामखीळ असती तर ती कदाचित वर्ष-दोन वर्षांत गेलीही असती. व्रण आता जाणार नाही. आपल्या घरातील मुलीच्या हाताला चुना लावण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.