पवनचक्क्या पाऊस पळवत नाहीत

जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात पावसानं ओढ दिली की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘पवनचक्क्यांनी ढग पळवले.’ पारावर, एसटीत, टंचाईच्या बैठकीत, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीसुद्धा. वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी हा समज हटायला तयार नाही. म्हणून एकदा तो मुळापासून तपासू.

हा समज आला कुठून, ते आधी पाहिलं पाहिजे, कारण लोकांनी डोळ्यांनी जे पाहिलं ते खोटं नाही. जुलैतली दुपार. ढालगावच्या माळावर वारा असा की डोक्यावरची टोपी हातानं धरावी लागते. काळपट ढग पूर्वेकडे धावताहेत, पाती गरगर फिरताहेत आणि खाली उगवलेली बाजरी माना टाकून उभी आहे. थेंब नाही. ढग पळाले हे खरं, पाती फिरली हेही खरं. पण पात्यांमुळे ढग पळाले नाहीत. ज्या मोसमी वाऱ्यानं ढग पुढे नेले, त्याच वाऱ्यानं पातीही फिरवली.

घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. पवनचक्कीचं काम नेमकं उलटं : ती वारा खाते आणि वीज देते. पात्यांमधून गेलेला वारा आधीपेक्षा मंद होतो. वाऱ्यातली सगळी शक्ती कुठल्याही पवनचक्कीला काढून घेता येत नाही. जास्तीत जास्त ५९ टक्के, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. जे यंत्र वाऱ्याचा वेग कमी करतं, ते ढगांना पुढे ढकलणार कसं?

‘पण घाटावर पाती ढगातच फिरतात ना?’ हो, फिरतात. पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या सड्यावर ढग इतके खाली उतरतात की अर्धी पवनचक्की दिसत नाही. पण पवनचक्कीचं टोक जमिनीपासून शंभर-दीडशे मीटरवर संपतं, आणि जोरदार पाऊस देणारा ढग त्याच्या वर कित्येक किलोमीटर चढलेला असतो.

आता ताकदीचा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तेवढी वाफ निवून थेंब होताना जी उष्णता बाहेर पडते, ती विजेच्या मापात सुमारे सात लाख युनिट भरते. साताऱ्यात सुरुवातीला उभारल्या गेलेल्या ३५० किलोवॅटच्या पवनचक्कीची क्षमता वर्षभरात सरासरी वीस टक्के वापरली गेली, तर तिची वर्षाची वीज होते सुमारे सहा लाख युनिट. एवढ्याशा भुरभुर पावसामागची ऊर्जा पवनचक्कीच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त आहे. ढगांपुढे या यंत्रांची ताकद इतकीच.

मग पाऊस जातो कुठे? तो सह्याद्रीवर पडून गेलेला असतो. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पभरली हवा घाटावर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. डोंगर ओलांडून खाली उतरताना ती पुन्हा तापते, कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या दहिवडीत तो पाचशेच्या आसपास असतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. ही छाया सह्याद्रीची आहे आणि ती पवनचक्क्यांच्या फार आधीपासून पडलेली आहे.

याला इतिहास साक्षी आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हाच टापू होरपळला. १९७२ ला तर माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. तेव्हा या माळांवर एकही पवनचक्की नव्हती. त्या मोठ्या संख्येनं आल्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. २००२ मध्ये देशभरातच पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. पाठोपाठ आपल्याकडे लागोपाठ कोरडी वर्षं आली आणि नव्यानं आलेल्या पाहुण्यावर आळ गेला. पण २००२ ला राजस्थानही करपला होता. तिथले ढग काय सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पात्यांनी पळवले?

आणि पात्यांमुळे पाऊस पळत असता, तर पहिला दुष्काळ पाटण तालुक्यात पडायला हवा होता. वनकुसवड्याचं पवनचक्क्यांचं पठार याच तालुक्यात आहे आणि भरपूर पावसासाठी दर वर्षी बातम्यांत येणारं पाथरपुंजही याच तालुक्यात. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हाही या पवनचक्क्या जागच्या जागीच होत्या.

कुणी विचारेल, यावर संशोधन झालंय का? झालंय. अमेरिकेच्या मध्यभागी प्रचंड मोठा पवनक्षेत्र-प्रकल्प असता तर काय झालं असतं, याचं संगणकी प्रारूप २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात प्रकल्पाच्या आग्नेयेला पाऊस सुमारे एक टक्का वाढलेला दिसला. टेक्सासमधल्या उपग्रह-नोंदींवरून २०१२ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांखालची जमीन रात्री किंचित उबदार आढळली, कारण पाती वरची उबदार हवा खाली मिसळतात. म्हणजे पवनचक्क्यांचा हवेवर काहीच परिणाम होत नाही, असं कुणी म्हणत नाही. पण तो परिणाम छोटा आणि जवळपासचा असतो.

आता बाकीचे समज थोडक्यात.

‘पवनचक्की थांबलेली दिसते, म्हणजे ती शोभेची आहे.’ वारा फार कमी असेल तर ती फिरत नाही आणि वादळी असेल तर मुद्दाम थांबवतात. आपल्याकडे तिची खरी कमाई जून ते सप्टेंबरमध्ये होते.

‘तिच्या बांधणीला लागलेली ऊर्जासुद्धा ती परत देत नाही.’ ती ऊर्जा साधारण वर्षभरात फिटते आणि पवनचक्की वीस वर्षं चालते.

‘वारा-ऊन बेभरवशाचे, म्हणून निरुपयोगी.’ एकेकटे अपुरे, हे खरं. म्हणून तर त्यांना जोड लागते. संध्याकाळी मागणी चढली की १,९६० मेगावॉटची कोयना काही मिनिटांत सुरू करता येते.

‘वीज काढून घेतलेलं पाणी निःसत्त्व होतं.’ जलविद्युत केंद्र पाण्याच्या पडण्याची शक्ती घेतं. पाण्यातलं काही काढून घेत नाही.

‘ऊन जितकं कडक, तितकी सौर वीज जास्त.’ पॅनेलला उजेड हवा असतो. ते तापलं की त्याची वीज कमी होते.

‘देशाची निम्मी वीज आता हरित झाली.’ २०२५ मध्ये निम्मी झाली ती उभारलेली क्षमता, तीही मोठी जलविद्युत आणि अणुऊर्जा धरून. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत या सगळ्यांचा वाटा साधारण चौथा हिस्सा आहे. बाकीची मुख्यतः कोळशाचीच.

पावसाच्या या समजाचा मला राग येतो, कारण त्याचा तोटा इथल्याच माणसाला होतो. पवनचक्क्यांबद्दल विचारण्यासारखे खरे प्रश्न आहेत. जमीन कुणाकडून, कोणत्या भावानं आणि कोणते कागद करून घेतली? ग्रामपंचायतीचा कर भरला जातो का? रस्त्यासाठी फोडलेले बांध कुणी दुरुस्त करायचे? २०१८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या चाळकेवाडीच्या सड्यावरचा अभ्यास ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये मांडला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागाच्या जवळपास एक चतुर्थांशच आढळले आणि त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढलेले दिसले. हा मोजलेला, सिद्ध झालेला परिणाम आहे. त्यावर किती ग्रामसभांत चर्चा झाली? ढगांच्या खोट्या तक्रारीमुळे या खऱ्या तक्रारीही हसण्यावारी नेल्या जातात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या टापूला पाणी मिळतंय ते टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या योजनांतून, कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलून. हे पंप विजेवर चालतात आणि बिल थकलं की आवर्तन अडतं. स्वस्त वीज ही दुष्काळी शेतकऱ्याची गरज आहे, आणि ती देऊ शकणारा वारा आणि ऊन याच माळावर आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत पवनचक्कीचा विषय निघाला तर ढगांचं सोडा. कर, जमिनीचे कागद, पाखरं आणि उपसा योजनेच्या विजेचा दर, या चार गोष्टींची लेखी उत्तरं मागा.