बाबांची गोळी आणि माझा शेक

पहिला स्टायपेंड हातात आला आणि मी बाबांसाठी प्रोटीन पावडरचा डबा घेतला. अडीच हजारांचा. हसू नका. तुमच्याही घरात कोणाला तरी शुगर असेल आणि ते रील तुम्हीही बघितलं असेल: एक स्कूप पावडर, थंड पाणी, शेकर हलवा, तीस सेकंदांत डायबेटिसवाल्यांचा नाश्ता तयार!

माझे बाबा कणकवली स्टेशनला रिक्षा लावतात. मुंबईहून येणारी सकाळची कोकणकन्या पकडायची म्हणजे घरातून अंधारातच निघायचं. नाश्ता काय, तर एक कप चहा आणि चार बटर. तेही उभ्या उभ्या. मग साडेदहाला चौकात कुठेतरी उसळपाव. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी टेस्ट केली तेव्हा आकडा आला ८.४. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की डायबेटिस धरतात. मला वाटलं, या माणसाला वेळ नाही ना, मग हाच उपाय. बटर बंद, शेक सुरू.

पहिल्या दिवशी बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "काय गे बाय, ह्या पिठाक चव कसली ती नाय." पण प्यायले. लेकीच्या पहिल्या पगाराचं होतं ना.

चौथ्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला फोन आला. बाबांचा नाही, त्यांच्या शेजारी रिक्षा लावणाऱ्या काकांचा. बाबांनी भाडं सोडलं, उड्डाणपुलाखाली रिक्षा कशीबशी बाजूला घेतली आणि तिथेच बसून राहिले. घामाने शर्ट भिजलेला, हात थरथरत होते, बोलणं धड लागत नव्हतं. त्या काकांच्या घरी पण शुगर आहे. त्यांनी प्रश्न न विचारता टपरीवरून पाण्यात साखर ढवळून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत बाबा माणसात आले. मी पोचले तेव्हा म्हणाले, "माका काय झाला ता समजाकच नाय." पाच मिनिटं आधी हे झालं असतं तर मागे दोन पॅसेंजर होते. हे वाक्य मी लिहिते आहे, पण त्याचा पुढचा विचार अजूनही पूर्ण करत नाही.

झालं काय होतं? बाबा सकाळी जी गोळी घेतात तिच्यात ग्लिमेपिराईड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी आहे की नुसतं पाणी, हे ती बघत नाही. आधी चहा-बटर होतं, म्हणजे साखर आणि मैदा. वाईट, पण गोळीला काम होतं. मी ते काढलं आणि त्याजागी जवळजवळ शून्य पिष्टाचा शेक दिला. गोळी तेवढीच राहिली. शुगर घसरली. ७० च्या खाली गेली की त्याला हायपो म्हणतात, आणि डॉक्टरांच्या भाषेत ती इमर्जन्सी असते. मी डब्याचं लेबल तीनदा वाचलं होतं. गोळ्यांच्या पाकिटाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

म्हणून आधी एवढं करा. आई-बाबांच्या गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड असं काही असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर नाश्त्यात कसलाही मोठा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी कोसळण्याची शक्यता खूप कमी. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही त्यातच आलं. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं हाच प्रश्न वेगळा होतो, तो क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील. आणि कधी हायपो झालंच, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. शेकही देऊ नका, प्रोटीनने शुगर पटकन वर येत नाही.

मग ते रील खोटं होतं का? नाही, आणि हीच गंमत आहे. २०१४ साली इस्रायलमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. टाइप टू डायबेटिस असलेल्या १५ जणांना नाश्त्याच्या आधी पाण्यातून ५० ग्रॅम व्हे प्रोटीन दिलं. त्यानंतरची शुगर एकूण साधारण २८ टक्के कमी राहिली. पण त्यांनी नंतर नाश्ता केला होता! पांढरा ब्रेड वगैरे, चांगला भरपेट. शेक नाश्त्याच्या आधी होता, नाश्त्याच्या ऐवजी नव्हता. हा एक शब्द रीलमध्ये गाळला जातो.

आता डब्याबद्दल. प्रकरण निवळल्यावर मी बाजारपेठेतल्या दोन दुकानांत डबे हातात घेऊन उभी राहिले (दुकानदाराला वाटलं मी जिम लावली). घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन नावांत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर डबा खाली ठेवा. ते पिष्टच आहे, आणि ग्लुकोजइतक्याच वेगाने रक्तात उतरतं. पण 'साखर' या ओळीत ते बहुतेक दिसतच नाही, 'कार्बोहायड्रेट'मध्ये लपतं. वजन वाढवायच्या 'गेनर' डब्यांत तर तेच जास्त. शिवाय डब्यावर लिहिलंय ते आत असेलच असं नाही. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, त्यांतल्या जवळपास ७० टक्क्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असं स्पष्ट सांगितलं.

प्रोटीन लागतं किती? किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. बाबा ६८ किलोचे, म्हणजे ५६ ग्रॅमच्या आसपास. दोन अंड्यांत बारा येतं. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ.

आणि आपल्याकडे तर अर्धं काम आज्जीने करून ठेवलंय. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ! आंबोळी तांदळाची, शुगर वाढवणारी. वाटाणा प्रोटीनचा. आपण काय करतो, चार आंबोळ्या आणि तोंडी लावण्यापुरते वाटाणे. आमच्याकडे आता उलटं आहे: एक आंबोळी, वाटीभर वाटाणे, एक अंडं. वाटाणे रात्री कुकरला लावलेले असतात, सकाळी फक्त गरम करायचे. नाहीतर कुळीथ. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं. पिठीला दहा मिनिटं लागतात, कुळथाच्या पिठाच्या पोळ्याला त्याहून कमी. तीस सेकंद नाही होत, हे खरं. पण बाबांना ते आवडतं, आणि आवडत नाही ते माणूस चार दिवसांच्या वर खात नाही, हे मी अडीच हजार देऊन शिकले.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आई-बाबांचं, आमचा काय संबंध? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो जगभर गाजला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघेही सडपातळ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. बाहेरून बारीक, आतून चरबी. आपल्यापैकी कित्येकांचं शरीर याच घडणीचं. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास आला, त्यात सगळ्यात जास्त डायबेटिस कुठे होता? गोव्यात, २६.४ टक्के. आपल्या हायवेने खाली गेलं की लागतो तोच गोवा. जेवणही फार वेगळं नाही.

मी स्वतःची शुगर अजून तपासलेली नाही. पुढच्या महिन्यात बाबांची एचबीएवनसी आहे, तेव्हा एकाच फेरीत दोघांचंही रक्त द्यायचं ठरलंय. डॉक्टरांनी गोळीचा डोस आणि वेळ दोन्ही बदललं. रिक्षाच्या पुढच्या खणात आता साखरेच्या चार पुड्या असतात. डबा अर्धा शिल्लक आहे. त्यातला स्कूप आईने धुऊन कुळथाच्या पिठात टाकलाय. म्हणाली, "माप बरा हा."