रूळ, रस्ता आणि धावपट्टी : नगर जिल्ह्यातला सहकुटुंब प्रवास

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि बोलण्यातला नगर, १७,०४८ चौरस किलोमीटरांवर आणि १४ तालुक्यांत पसरलेला असून, पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरचे अकोले आणि आग्नेयेला मराठवाड्याच्या सीमेवरचे जामखेड यांच्यामध्ये दीडशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर आहे. कॅनडात टोरोंटोहून व्हँकुव्हरला जाणारी ‘कॅनेडियन’ ही गाडी सुमारे ४,४६६ किलोमीटर धावते आणि प्रवाशांच्या चार रात्री गाडीतच जातात. त्यापुढे नगरची अंतरे किरकोळ वाटतील. तरीही आजी-आजोबा, लहान मुले आणि सामानसुमान घेऊन निघालेल्या कुटुंबापुढचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो, आणि तो म्हणजे आगगाडी, मोटार आणि विमान यांची सांगड कुठे घालायची. नगर जिल्ह्यात ही तिन्ही साधने आज उपलब्ध आहेत. उणीव आहे ती त्यांना जोडणाऱ्या दुव्यांची.

जिल्ह्याचा लोहमार्ग जुना आहे. मुंबईहून नागपूरकडे आणि मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या दोन मुख्य मार्गांना आतल्या बाजूने जोडणारा दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या काळात, खुला झाला. श्रीगोंदा, नगर, राहुरी, श्रीरामपूर आणि कोपरगाव ही ठाणी त्याच्यामुळे एका ओळीत आली आणि पुढे साखर कारखानदारीच्या पट्ट्यालाही त्याचा आधार मिळाला. मात्र हा मार्ग जिल्ह्याच्या मधून दक्षिणोत्तर जातो, त्यामुळे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या तालुक्यांना तो दूरच राहिला. या मार्गावरील बारकावे नवख्या कुटुंबाने आधीच जाणून घेतलेले बरे. श्रीरामपूरला उतरणाऱ्याला फलाटावर पाटी दिसते ती ‘बेलापूर’ची, कारण शहराचे स्थानक आजही शेजारच्या जुन्या गावाच्या नावाने ओळखले जाते, तिकीट काढतानाही तेच नाव शोधावे लागते आणि नवी मुंबईतल्या बेलापूरशी त्याची गल्लत होऊ द्यायची नसते. दौंडची गंमत वेगळी आहे. मनमाडकडून येणारा रूळ दौंडात अशा दिशेने शिरतो की पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते, आणि नगरपासून तोंड पुढे करून बसलेला प्रवासी पुण्यापर्यंत पाठमोरा जातो. हा खोळंबा टाळण्यासाठी दौंडच्या बाहेरून कॉर्ड लाइन, म्हणजे दोन मार्गांना परस्पर जोडणारा छोटा रूळ, टाकण्यात आली असून तिच्यावर स्वतंत्र स्थानकही आहे. म्हणूनच आपली गाडी जुन्या दौंडला थांबते की कॉर्ड लाइनला, हे घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना आधी कळवावे लागते.

एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी स्थानकात थांबून राहणे, ज्याला प्रवासी ‘क्रॉसिंग’ म्हणतात, हे या मार्गावरच्या उशिराचे जुने कारण आहे आणि दुहेरीकरणाचे काम त्यासाठीच टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. कॅनडातही प्रवासी गाड्या मालवाहू कंपनीच्या मालकीच्या रुळांवरून धावत असल्याने त्यांना मालगाड्यांसाठी ताटकळावे लागते. पुणतांब्याहून फुटणारा साईनगर शिर्डीचा फाटा २००९ मध्ये सुरू झाला आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत गाडी थेट शिर्डीपर्यंत येऊ लागली, तेव्हा भाविक कुटुंबांची मनमाडला किंवा कोपरगावला उतरून गाडी शोधण्याची यातायात बरीच कमी झाली. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर अर्धे भाडे पडते; जागा हवी असेल तर मात्र पूर्ण भाडे भरावे लागते.

रस्त्याच्या बाबतीत नगरचा मान मोठा आहे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती नगर–पुणे याच मार्गावर, आणि साधारण १२० किलोमीटरांचा हा रस्ता आजही जिल्ह्यातल्या असंख्य घरांचा शिक्षणाचा, नोकरीचा आणि दवाखान्याचा रस्ता आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून मिळालेली निम्मी सवलत आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास यांमुळे आई, दोन मुली आणि आजी असे कुटुंब एसटीने फार थोड्या खर्चात जाऊ शकते. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद असताना ही गोष्ट लहान नाही. भंडारदरा, रतनगड आणि राज्यातले सर्वोच्च शिखर असलेले १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई पाहायला निघालेल्यांना तर रस्त्यावाचून गत्यंतर नाही. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर असा पल्ला गाठावा लागतो. मुंबईकर कुटुंबे मात्र इगतपुरी किंवा घोटीपर्यंत, म्हणजे नाशिक जिल्ह्यापर्यंत, रेल्वेने येऊन पुढे घाटरस्त्याने भंडारदऱ्यात उतरतात, आणि जिल्ह्याच्या सर्वांत देखण्या कोपऱ्याचे जवळचे स्थानक त्यामुळे जिल्ह्याबाहेरच राहते. कल्याणकडे नेणारा माळशेज घाट पावसाळ्यात मनोहर असला, तरी दरडी कोसळण्याचे दिवसही तेच असल्याने मुलाबाळांसह रात्री तो चढणे किंवा उतरणे टाळावे.

समृद्धी महामार्गाने गणित पालटले. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर, ७०१ किलोमीटरांच्या या मार्गाने कोपरगाव तालुका एका बाजूला विदर्भाशी आणि दुसऱ्या बाजूला मुंबईशी थेट जोडला गेला. सरळ, काँक्रीटचा आणि वळणे नसलेला रस्ता चालकाला सुस्त करतो. डोळे उघडे असूनही लक्ष हरपते, यालाच महामार्ग संमोहन म्हणतात. त्यातच हवा कमी भरलेले किंवा झिजलेले टायर वेगामुळे आणि उन्हाने तापून फुटतात. म्हणून निघण्यापूर्वी टायर तपासणे आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चालकाने खाली उतरणे, ही कुटुंब घेऊन जाणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.

विमानतळ शिर्डीचा म्हणवला जात असला, तरी तो काकडी या गावी, देवस्थानापासून सुमारे १४ किलोमीटरांवर आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धावपट्टी २,५०० मीटर लांब असल्याने मध्यम आकाराची जेट विमाने तेथे उतरू शकतात. सुरुवातीच्या वर्षांत वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसणे आवश्यक असल्याने धुके दाटले की उड्डाणे रद्द होत. हैदराबाद किंवा दिल्लीच्या भाविकाला हा विमानतळ फार सोयीचा आहे, परंतु जामखेडच्या किंवा पाथर्डीच्या कुटुंबाला पुण्याचा विमानतळ गाठणे आणि काकडी गाठणे यांत फारसा फरक जाणवत नाही, कारण तालुक्यांतून काकडीकडे विमानांच्या वेळा सांभाळणाऱ्या बस नाहीत.

दक्षिणेकडची स्थिती आता हलू लागली आहे. १९९५ मध्ये मंजूर झालेला अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत पोहोचला. पश्चिमेकडे मात्र प्रतीक्षाच आहे. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेची मूळ आखणी संगमनेरवरून होती. नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात रेल्वेच्या विद्युतचुंबकीय लहरींचा अडथळा येईल, या कारणाने ती अडली आणि शिर्डीवरून जाणाऱ्या पर्यायाची चर्चा सुरू झाली. दुर्बीण जपलीच पाहिजे, यात शंका नाही. पण ज्या शिर्डीला रूळ, समृद्धी आणि विमानतळ हे तिन्ही मिळाले आहेत तिथेच चौथी सोय नेताना, ज्या संगमनेर-अकोल्यात अजून एकही गाडी थांबलेली नाही तिथल्या लोकांना त्याबदली काय मिळणार, हे आखणी ठरवतानाच सांगितले गेले पाहिजे.