गरोदरपणात हाताला येणाऱ्या मुंग्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गरोदर बाईनं कंबर दुखते म्हटलं तर घरातलं कुणीही ते ऐकून घेतं. पाय सुजले म्हटलं तरी सासू समजून घेते. पण ‘हाताला मुंग्या येतात, रात्री झोपू देत नाहीत’ असं म्हटलं की घरात हसू होतं. बाळ पोटात आणि दुखतो हात, हे कसं? कामाचा कंटाळा असेल, असंही कुणीतरी बोलून जातं. आज मी याच दुखण्याविषयी बोलणार आहे, कारण ते खरं आहे, पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेक वेळा साध्या उपायांनी आटोक्यात राहतं.

मी दवाखाना चालवते ते आष्टी जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं. हे सांगावं लागतं, कारण आष्टी म्हटलं की लोक बीडची नाहीतर वर्ध्याची समजतात. आमचा भाग कापसाचा आणि ज्वारीचा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायाही रानात दिसतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. अशीच एक बाई मागे नवऱ्याबरोबर आली होती. तिला आठवा महिना होता. म्हणाली, “बाई, रात्री दोन वाजता जाग येती अन् हात माझा नाहीच असं वाटतं. झटकून झटकून पहाट होती.” नवऱ्याला धास्ती लकव्याची. गावात कुणीतरी ‘अंगावरून वारं गेलं’ असं सांगून ठेवलेलं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते. तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसलेला तिला कळलाच नव्हता.

तो लकवा नव्हता. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या, तर छत एका जाड, चिवट पट्ट्याचं. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या सोबतीनं एक मऊ नस जाते. डॉक्टर तिला मिडियन नर्व्ह म्हणतात. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची जाणीव या नसेकडे असते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, शरीरात पाणी साठतं. पायावरची सूज डोळ्यांना दिसते, पण तेच पाणी मनगटाच्या बोगद्यातही साठतं. तिथली हाडं सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही. मग चेंगरते ती नस. या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम असं नाव आहे. मनगटात ही नस दबते हे इंग्लंडचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८५४ सालीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे दुखणं काही नव्या जमान्याचं नाही.

रात्रीच त्रास का वाढतो, हे बाया नेहमी विचारतात. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर अंगभर पसरतं, हे एक कारण. दुसरं, झोपेत आपण मनगट दुमडून, मूठ उशीखाली किंवा गालाखाली घेऊन निजतो. मनगट आत वाकलं किंवा मागं वळलं की बोगद्यातला दाब चढतो. सरळ असलं की तो सर्वांत कमी असतो. उपायाचं सगळं मूळ या एका गोष्टीत आहे.

पण आधी ओळख पटवायला हवी. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येतात, करंगळी बहुधा सुटते. हात झटकल्यावर जरा बरं वाटतं. घरी करून बघायची एक खूण सांगते. नमस्काराच्या उलट करायचं, म्हणजे दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवायचे, बोटं जमिनीकडे, कोपरं बाजूला, आणि मिनिटभर थांबायचं. तेवढ्यात त्याच बोटांत मुंग्या आल्या तर नस दबत असण्याची शक्यता बरीच आहे. अमेरिकेचे डॉक्टर जॉर्ज फॅलेन यांच्या नावानं ही तपासणी ओळखली जाते आणि तिला एक पैसाही लागत नाही. याउलट मुंग्या फक्त करंगळीकडे असतील, मानेतून कळ उतरत असेल किंवा हाताबरोबर दोन्ही तळपायही बधिर होत असतील, तर कारण वेगळं असू शकतं. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही असं होतं. थायरॉईड मंद असला किंवा गरोदरपणात साखर वाढली तरी मनगटाची ही नस जास्त दबते. म्हणून या तपासण्या राहिल्या असतील तर त्या करून घ्यायला मी सांगते.

आता उपाय. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, ज्याला स्प्लिंट म्हणतात. औषधाच्या दुकानात तो मिळतो, पण घेताना एक बघा. पुष्कळ पट्ट्यांच्या आतली धातूची पट्टी वाकवलेली असते, त्यामुळे हात मागच्या बाजूला वळलेला राहतो. ती पट्टी बाहेर काढून सरळ करून घ्या. पट्टा तळहाताच्या मधल्या रेषेपाशी संपायला हवा, म्हणजे बोटं मोकळी मिटतात. आवळून बांधू नका. नखं निळसर दिसली किंवा मुंग्या उलट वाढल्या तर लगेच सैल करा. पट्टा मिळेपर्यंत मऊ टॉवेलची जाडसर घडी मनगटाभोवती गुंडाळून वरून सैलसर फडकं बांधलं तरी हात फारसा दुमडत नाही. कुशीवर झोपताना पुढ्यात गोधडीची घडी ठेवा आणि वरचा हात तिच्यावर सरळ ठेवा. पहिल्याच रात्री चमत्कार होईल असं नाही. आठवडा-पंधरा दिवस नेमानं बांधावा लागतो.

दिवसाचं काम हा याहून अवघड भाग. भाकरीचं पीठ मळताना आपण तळहाताच्या बुडाचा जोर लावतो आणि नस नेमकी तिथेच असते. पाच-सात माणसांच्या घरात दोन वेळच्या भाकरी म्हणजे त्या नसेवर किती वेळा दाब, याचा हिशेब कुणी करत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत पीठ दुसऱ्या कुणीतरी मळावं असं मी घरच्यांना स्पष्ट सांगते. नवऱ्यानं मळलं तरी भाकरी होते. कपडे पिळू नका, निथळत ठेवून मग वाळत घाला. हापसा हाणणं, भरलेली बादली बोटांवर उचलणं, धारा काढणं ही सगळी मुठीची कामं आहेत. ती वाटून द्यावीत, निदान मध्ये मध्ये थांबून करावीत. कापूस वेचताना अंगठा आणि दोन बोटांची चिमूट दिवसातून हजारो वेळा होते. तिथे ‘आराम करा’ म्हणणं सोपं असतं आणि मजुरी बुडाली की आराम कुणाला परवडतो, हेही मला माहीत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली सुरू झाली ती याच बुडणाऱ्या मजुरीपोटी. पहिल्या बाळासाठी तिच्यात ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. आशाताईकडे लवकर नाव नोंदवा. पैसा थोडा आहे, तरी वेचणीचे काही दिवस त्यातून टळतात.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत या बाबतीत शहाणपणाची आहे, असं माझं मत आहे. सातव्या महिन्यात लेक आईकडे आली की तिच्या हातची पाटी खाली उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र तिचं कुणी बघत नाही आणि हाताचा त्रास घेऊन येणाऱ्या बाया मला त्या खेपेच्याच जास्त दिसतात.

बांगड्यांचंही सांगायला हवं. ओटभरणाला हिरवा चुडा भरतात तेव्हा हात आधीच सुजायला लागलेला असतो. कासार तळहात दाबून, चोळून बांगडी चढवतो आणि त्या रात्री हात ठणकतो. चुडा जरूर भरा, पण एक माप मोठा घ्या. बोटातली अंगठी सहाव्या महिन्यातच काढून ठेवा. नंतर ती साबणानंही निघत नाही आणि कापायची वेळ येते.

हातांचा हलका व्यायाम करायला हरकत नाही. बोटं सरळ करा, मग नुसती पेरं आकड्यासारखी वाकवा, मग हळू मूठ मिटा. पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. मुंग्या वाढल्या तर थांबा. तेलाचा हलका हात कोपराकडे फिरवावा, मनगटावर अंगठा रोवून रगडू नये आणि हाड बसवणाऱ्याकडून मनगट ओढून तर मुळीच घेऊ नये. सूज उतरावी म्हणून पाणी पिणं कमी करू नका. लघवीच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका. बोटं बधिर असतील तर गरम पाण्याचा अंदाज दुसऱ्या हातानं किंवा कोपरानं घ्या. शेगडीचा शेकही जपून घ्या. तव्यावर हातानं भाकरी उलटणं बंद, उलथणं वापरा.

आता गोळ्यांकडे वळते, कारण इथे खरा धोका आहे. हात दुखतो म्हणून मेडिकलवर जाऊन ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हटलं की पुष्कळदा डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हातात पडते. विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं २०२० साली दिला. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची असलेली एक रक्तवाहिनी आधीच आकसण्याची भीती असते. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून, सांगितलेल्या मापात. रक्तदाबाच्या धोक्यासाठी कुणाला डॉक्टरांनी लहान मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली असेल, तर हे ऐकून ती मात्र परस्पर बंद करू नका. ती बाब वेगळी आहे.

सुजेविषयी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मुंग्यांसोबतची हाताची थोडी सूज चालते. पण हात आणि चेहरा एकाएकी सुजला, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा ठिपके आले, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, तर तो मनगटाचा आजार समजून पट्टा बांधत बसू नका. रक्तदाब वाढल्याची ती लक्षणं असू शकतात. १४०/९० किंवा त्याहून वर आकडा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा. एका सुनेला ‘अंगठी रुतते’ एवढ्याच तक्रारीवर माझ्याकडे आणलं होतं. दाब मोजला तर १६०/११०. तिला तिथूनच तातडीनं जालन्याला पाठवली, वेळेत पोहोचली, बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप घरी आली.

पट्टा बांधूनही झोप येत नसेल, वस्तू हातातून निसटत असतील, तर तज्ज्ञ डॉक्टर मनगटात स्टिरॉइडचं छोटं इंजेक्शन देतात. ऑपरेशनची वेळ गरोदरपणात क्वचितच येते. बहुतेक जणींचा त्रास बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरू लागतो. काहींचा मात्र महिनोन्‌महिने राहतो. दूध पाजताना बाळाचं डोकं वाकलेल्या मनगटावर तोलून धरलं तर तो लांबतो. मांडीवर गोधडीची उंच घडी घ्या आणि बाळाचा भार तिच्यावर येऊ द्या. याच काळात अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला नवी कळ सुरू होते. बाळाला काखेत हात घालून, अंगठे ताणून उचलताना ती चमकते. हे दुसरं दुखणं, अंगठ्याच्या दोऱ्यांचं. स्वित्झर्लंडचे सर्जन डी क्वेर्व्हां यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. तिथे अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा लागतो आणि बाळाला उचलताना दोन्ही तळवे त्याच्या अंगाखाली फावड्यासारखे घालायचे असतात.

बाळंतपणानंतर तीन महिने होऊनही बोटं बधिर असतील किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसू लागला असेल, तर थांबू नये. नसेची तपासणी मोठ्या शहरात होते. गरोदरपणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे पोट आणि रक्तदाब बघून झाल्यावर उठायची घाई करू नका. हाताचंही सांगा, आणि कुठल्या बोटात मुंग्या येतात ते दाखवा.